गिरण्या कामगारांनी बुडवल्या म्हणे!

तीस-पस्तीस वर्षं एका कारखान्यात काढलेल्या कामगाराच्या निरोपाचा फोटो गावच्या ग्रुपवर आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, "अशाच लोकांनी संप करून खानदेशातल्या गिरण्या बुडवल्या." दहा जणांनी लगेच अंगठे दिले. हे लिहिणाऱ्यांनी रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायचं यंत्र, कधी जवळून पाहिली आहे का?

धागा तुटला की चाती (बॉबिन फिरवणारा दांडा) थांबवायची, सूत गुंडाळलेल्या बॉबिनवरचं टोक शोधायचं, ट्रॅव्हलर नावाच्या छोट्या कडीतून ओवून पुढच्या रोलरखालून येणाऱ्या तंतूंना भिडवायचं. तेही काही सेकंदांत, बाजूच्या चात्या फिरत असताना. उशीर झाला तर कापूस रोलरला गुंडाळतो आणि शेजारचेही धागे तोडतो.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये कताई फोफावली त्याला दमट हवेचा मोठा हात होता. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. कोरड्या हवेत तंतूंवर स्थिर वीज साचते, ते फिस्कारतात, सूत तुटतं. त्यात आपला पूर्वीचा कापूस आखूड तंतूंचा. त्याला पीळ जास्त द्यावा लागतो, म्हणजे त्याच वेळात सूत कमी निघतं. अशा हवेत जळगावची मूळजी जेठांची मिल आणि अमळनेरची 1906 ची प्रताप मिल पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती कुणाच्या हातांवर?

लँकेशायरच्या गिरण्याही बंदच पडल्या. बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल 1982 मध्ये थांबली, पण माग आणि 'पीस' नावाचं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय. गिरण्या बंद पडल्या म्हणून कामगाराला शिव्या घालणारा मला इथे भेटला नाही.

इथे नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे सरकारी विम्याच्या वर्गणीची, 35 वर्षं भरली की पूर्ण सरकारी पेन्शन, मग तो विणकर असो की मॅनेजर. आपल्याकडे ईपीएसचं (कर्मचारी पेन्शन योजनेचं) किमान निवृत्तिवेतन महिन्याला 2014 पासून 1,000 रुपये! ग्रॅच्युइटी मात्र हक्काची: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. 18,000 वर 30 वर्षांचे 3,11,538 रुपये होतात. ते 30 दिवसांत मिळायला हवेत, नाहीतर वर व्याज. निवृत्त कामगाराच्या सत्काराला जाणाऱ्यांनी हा हिशेब तपासून द्यावा, आणि पेन्शनचा 10-डी फॉर्म भरलाय का तेही विचारावं.

दूर बसून शिकवू नका, म्हणाल. म्हणा. इथल्या कुठल्याच गिरणीवर माझा हक्क नाही, अमळनेरच्या गिरणीवर आहे, म्हणून झोंबतं. चात्या सांभाळलेली माणसं अजून प्रताप मिलच्या आसपास राहतात. त्यांच्याकडून कामाची एकेक पायरी बोलती करून घ्या, याच वर्षी.