ताई, तुमच्या लेकीचा यात दोष नाही

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सततच्या ताणाने फिटचा आजार जडतो' असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही विचारता, "आता सासरचे माझ्या मुलीला म्हणणार, तू टेन्शन घेतेस म्हणून फिट येते. आजार तिचा आणि दोषही तिचाच का?" तुमचा राग रास्त आहे. ते वाक्य मी फार ठोकून लिहिलं.

निव्वळ ताणाने अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, होतो असं सिद्ध झालेलं नाही. डोक्याला मार, जन्मताना बाळ गुदमरणं, मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी, अनुवंश ही कारणं सापडतात. पुष्कळांत कारण हातीच लागत नाही. पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला फार लवकर प्रतिसाद देतो, आणि अनेकांची फिट सुरू होते तीही तिथूनच. उंदरांच्या पिल्लांना रोज काही वेळ आईपासून तोडलं, तर मोठेपणी त्यांच्यात फिटचा आजार लवकर मूळ धरतो, असं प्रयोगांत दिसलंय. माणसांतला पुरावा एवढा पक्का नाही. म्हणून 'आधीच नाजूक असलेल्या मेंदूला ताण आणखी नाजूक करू शकतो', इतकंच म्हणायला हवं होतं.

मला हा विषय लागला तो चुलतभावामुळे. पिंपळगावकडे त्याची द्राक्षबाग आहे. अवकाळी पावसाच्या आठवड्यात तो रात्र रात्र बागेत, डोक्यावर कर्ज. पाचव्या दिवशी पहाटे फवारणीच्या ब्लोअरजवळ फिट येऊन कोसळला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. नंतर शर्टाच्या खिशात त्याच्या फिटच्या गोळ्यांची पट्टी निघाली, चार दिवसांच्या गोळ्या तशाच. काळजीने झोप गेली, त्यात गोळी राहिली. फिट नेमकी कशाने आली, कोण सांगणार? पण 'टेन्शन कशाला घेतोस' असं त्याला कुणी सुनावलं नाही. बाग गेली म्हणून सगळे हळहळले. तुमच्या लेकीच्या वाट्याला ही हळहळ का येऊ नये?

सासरच्यांना एवढं जरूर सांगा: गोळी चुकू द्यायची नाही, झोप मोडू द्यायची नाही. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. आणि कुणी लग्न मोडण्याची भाषा केली, तर हिंदू विवाह कायद्यातून 'अपस्मार नसावा' ही अट १९९९ सालीच काढली आहे, हेही सांगा.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.