मुखपृष्ठ पाहून जुन्या कॉमिकची पारख होत नाही

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे अंक निघाल्याचा महिना, क्रमांक १ म्हणजे मालिकेचा आरंभ, म्हणून तीच सर्वांत मोलाची प्रत, दहा सेंट किंमत छापलेली असेल तर प्रत अस्सल, आणि अंक जितका जुना तितका महाग. ही चारही विधाने मुखपृष्ठालाच साक्षीदार मानतात. अमेरिकी कॉमिक्सच्या प्रकाशनाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर हा साक्षीदार किती कच्चा आहे हे लक्षात येते.

आधी महिना पाहू. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या ज्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, त्यावर जून १९३८ असे छापलेले आहे, प्रत्यक्षात तो अंक एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. ही चूक नव्हती. छापलेला महिना हा अंक मांडणीवरून कधी उतरवायचा याची विक्रेत्याला दिलेली खूण होता, आणि पुढचा महिना छापल्याने अंक ग्राहकाला अधिक काळ ताजा वाटत असे. हा प्रघात पुढे अनेक दशके टिकला: सुपरमॅनच्या मृत्यूचा जो अंक नोव्हेंबर १९९२ मध्ये विकला गेला, त्याच्यावर जानेवारी १९९३ आहे. ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या १९३९ मधल्या पहिल्या अंकाची गंमत तर आणखी वेगळी. त्याच्या काही प्रतींवर ऑक्टोबर आहे, तर बहुतेक प्रतींवर त्याच ऑक्टोबरवर काळी छपाई करून नोव्हेंबर केलेला आहे. म्हणून कोणती व्यक्तिरेखा आधी आली हा वाद निव्वळ मुखपृष्ठावरच्या महिन्यांची तुलना करून मिटवू नये.

क्रमांकाच्या मुद्द्यावर थोडे अधिक थांबायला हवे, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. स्पायडरमॅनचे पहिले दर्शन ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात घडले (ऑगस्ट १९६२), आणि तो त्या मालिकेचा शेवटचा अंक ठरला. बॅटमॅन ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आला. पण या उदाहरणांत निदान मालिका तरी सरळ १ पासून मोजलेली आहे, जरी ‘अमेझिंग फँटसी’ने वाटेत नावे बदलली. ईसी या प्रकाशनसंस्थेच्या बाबतीत तेवढाही आधार मिळत नाही. टपालाच्या सवलतीच्या दरासाठी प्रत्येक नव्या नियतकालिकाला नव्याने नोंदणी करून शुल्क भरावे लागे, म्हणून प्रकाशक जुन्या मालिकेचे नाव बदलून तिचेच क्रमांक पुढे चालवत. ‘मून गर्ल’ ही साहसकथांची मालिका आधी गुन्हेगारी कथांकडे वळली, नवव्या अंकापासून प्रेमकथांची झाली आणि १३ व्या अंकापासून ‘विअर्ड फँटसी’ या नावाने विज्ञानकथांची. त्यामुळे १९५० मध्ये निघालेल्या ‘विअर्ड फँटसी’च्या पहिल्याच अंकावर १३ आहे! पुढे १७ व्या अंकानंतर क्रमांक मागे नेऊन ६ पासून मोजणी झाली, आणि ओघाने १९५२ मध्ये दुसरा १३ वा अंक आला. एकच नाव, एकच प्रकाशक, एकच क्रमांक, आणि तरीही दोन वेगळे अंक. मराठी वाचकाला याची छोटी आवृत्ती घरबसल्या ठाऊक असते: अमर चित्र कथेच्या ‘कृष्ण’वर ११ आहे, कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते.

अशा वेळी खरा आधार असतो तो आतल्या बारीक अक्षरांतल्या प्रकाशन-तपशिलाचा. तो बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस असतो आणि त्यात मालिकेचे अधिकृत नाव, क्रमांक, महिना व प्रकाशक दिलेले असतात. मुखपृष्ठ आणि हा तपशील यांत विसंगती दिसली, तर मी आधी तपशिलावर विश्वास ठेवतो.

किंमतीचे विधान निम्मे खरे आहे, आणि तेवढे मान्य करायला हवे. १९७७ मध्ये मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने ‘स्टार वॉर्स’चा पहिला अंक सर्वसाधारणपणे ३० सेंटला विकला, पण मोजक्या ठिकाणी चाचणी म्हणून ३५ सेंट छापून पाहिले; त्या प्रती आज फार दुर्मीळ आहेत. मात्र त्याच अंकाच्या पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंट आढळतात, म्हणजे आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. दहा सेंटची कथा तर याहून फसवी आहे. १९७४ मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशक डीसीने ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जुन्या जाहिरातींसह जसाच्या तसा, पण मोठ्या आकारात पुन्हा छापला. त्याचे बाहेरचे जाड वेष्टन काढून टाकले, की आत दहा सेंटचे मूळ मुखपृष्ठ दिसते, आणि अशा प्रती अस्सल म्हणून विकण्याचे प्रयत्न झालेले आहेत. छायाचित्रात आकार कळत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगितली, की पुनर्मुद्रण सुमारे दहा इंच रुंद भरते, मूळ अंक मात्र आठ इंचांच्याही आत असतो.

राहिला जुनेपणाचा प्रश्न. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ च्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या जपूनच ठेवल्या. तो अंक आता तीन दशकांहून जुना आहे, तरीही त्याची साधी प्रत सहज व स्वस्तात मिळते. याउलट १९३८ च्या सुपरमॅनच्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या होत्या. त्या मुलांनी वाचून फाडल्या, आणि पुढे महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत जुनी कॉमिक्स ढिगाने गेली. मोल ठरते ते उरलेल्या प्रती, मागणी आणि प्रतीची अवस्था यांवर, आणि अवस्थेतही आतली पाने महत्त्वाची असतात. १९७४ च्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१ मध्ये, म्हणजे वुल्व्हरिन या गाजलेल्या व्यक्तिरेखेच्या पहिल्या पूर्ण कथेच्या अंकात, वाचकांनी कापून जमवावे म्हणून एक चित्र-तिकीट छापलेले होते. अनेक मुलांनी ते इमानेइतबारे कापले. मुखपृष्ठ कितीही करकरीत असले, तरी ते तिकीट नसेल तर प्रतीची किंमत बरीच उतरते, आणि हे कळायला अंक उघडून एकेक पान उलटावे लागते.