वॉटरप्रूफ म्हणे! डब्यात निघतो लगदा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजे 'कॅश', जीपीएसवर शोधायचा आणि आतल्या लॉगबुकात सही करायची. त्यासाठी दीड तास चढून जायचं, फोनवरचं अंतर शून्यावर आणायचं, खबदाडीतून डबा काढायचा आणि झाकण उघडल्यावर हाताला काय लागावं? भिजलेल्या पोह्यांसारखा लगदा. हेच तुमचं लॉगबुक. सही करायची कशावर? चिमटीने पान उलगडायला जावं तर फाटतं. आणि कॅशच्या वर्णनात मात्र ऐटीत लिहिलेलं असतं, 'वॉटरप्रूफ कंटेनर'. कसलं डोंबलाचं वॉटरप्रूफ!

अहो, श्रीखंडाचा डबा सह्याद्रीतल्या पावसासाठी बनवलेला नसतो. त्याच्या झाकणाला रबर नसतं, आणि एक उन्हाळा खाल्ला की प्लास्टिक पापडासारखं मोडतं. फिल्मरोलची डबीही तशीच. त्यात फिल्म नीट राहायची ती कपाटात, चार महिने दगडाखाली नव्हे. मसाल्याची बरणी तर त्याहून थोर. कितीही घासा, वास जात नाही. मग माकडं डबा पळवतात आणि तो लपवणारा मालक लिहितो, 'कोणीतरी चोरला'.

पाणी आत जातं कसं, याचा तरी विचार करा. डबा दुपारी उन्हात तापतो, आतली हवा फुगून झाकणाच्या फटीतून निसटते. मग धाडकन सर येते, डबा गार होतो, आतली हवा आकसते आणि झाकणाच्या खाचेत साचलेलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून घरच्या नळाखाली धरून 'गळत नाही' म्हणण्याला काडीचा अर्थ नाही. आत टिश्यू पेपर ठेवा, तासभर कडक उन्हात तापवा आणि लगेच गार पाण्याच्या बादलीत वजन ठेवून रात्रभर बुडवा. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तर डोंगरावर न्या. सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या पुडीवर विसंबू नका. डबा गळका असेल तर ती पुडी भरून जाते आणि पुढे नुसती ओली पडून राहते.

मग वापरायचं काय? कोल्ड्रिंकची बाटली फुगवण्याआधी जी जाड परीक्षानळीसारखी नळी असते ना, तो प्रीफॉर्म. बाटलीचंच झाकण बसतं, पाणी आत जात नाही, किंमतही किरकोळ. लॉगची पट्टी सुरळी करून त्यात घाला. मोठा कॅश हवा असेल तर सिलिकॉनची रिंग असलेला, चारही बाजूंनी क्लिप लागणारा डबा घ्या आणि लॉग तरीही आतल्या प्रीफॉर्ममध्येच ठेवा. बाहेरचं कवच शोभेचं असेल तर त्याला तळाशी भोकं पाडा. पाणी येऊ दे आणि जाऊ दे.

शोधणाऱ्यांनीही साळसूदपणे मान डोलवू नये. झिपची पिशवी झाकणाच्या कडेत चिमटून डबा बंद करणारे तुम्हीच! पिशवीचा एक कोपरा किंवा वाळूचा एक कण रिंगवर राहिला की सील गेलं. चारपैकी तीनच क्लिपा लावून सुटायची एवढी कसली घाई? डबा सापडला नाही तर सरळ डीएनएफ, म्हणजे 'सापडला नाही', अशी नोंद टाका, त्यात कमीपणा नाही. पण नाही, खिशातली डबी तिथे टाकून 'फाउंड' ठोकायचं! मग मूळ डबा एकीकडे, तुमचा भिकार थ्रोडाउन दुसरीकडे आणि मालकाला पत्ताच नाही.

काहींना कल्पकतेची फार हौस. पाण्यावर तरंगून वर येणारा कॅश उत्तमच असतो, पण नीट बनवा. दीड इंची, मीटरभर लांबीचा पीव्हीसी पाईप उभा बांधायचा, आत रिकामा हवाबंद प्रीफॉर्म सोडायचा, तळाशी बोटाने झाकता येईल एवढं भोक ठेवायचं. शोधणारा भोक दाबून लिटर-सव्वा लिटर पाणी ओततो, प्रीफॉर्म वर येतो. भोक ठेवलं नाहीत तर पावसाळ्यात त्याचं डासांचं पाळणाघर होतं. आणि 'पाणी आणा' हे वर्णनात न लिहिता मे महिन्यात लोकांना गडावर पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? तसंच ते चुंबकवाले. हॉट ग्लूने चिकटवलेलं चुंबक उन्हात सुटतं, डबी घरंगळते, चुंबक तिथेच राहतं. इपॉक्सी वापरा, चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने खरवडा.

जागेबद्दल तर बोलायलाच नको. स्टेशनच्या कठड्याखाली काळा टेप गुंडाळलेला डबा ठेवणाऱ्याला आपण बेवारस वस्तूंच्या देशात राहतो हे माहीत नाही का? पारदर्शक डबा घ्या, बाहेरून 'जिओकॅशिंगचा खेळ' असं मराठीत लिहा आणि तरीही स्टेशन, देऊळ, एटीएम यांपासून लांब राहा. तटबंदीचा दगड हलवून मागे डबा कोंबणं हा खेळ नाही, नासधूस आहे. कोकणात दगडांखाली फुरसं असतं, म्हणून 'हात घालायची गरज नाही' एवढी एक ओळ हिंटमध्ये टाकायला काय जातं?

आणि हो, डब्याचा अक्षांश टाकताना १८.५ अंश म्हणजे १८ अंश ३० मिनिटं. ५० नव्हे! २० मिनिटांची चूक म्हणजे ३७ किलोमीटर.

जूनआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा जाऊन लॉग बदलणं जमणार नसेल तर कॅश आर्काइव्ह करा, म्हणजे यादीतून बंद करा, आणि डबा उचलून घरी आणा. जमणार असेल तर आत पेन्सिल ठेवा. जेल पेनाच्या सह्या पहिल्याच ओलीत निळा डाग होऊन बसतात.