‘लॉक फाइल उडवा, इन्स्टॉल मारा’ : हा सल्ला पुढे पाठवू नका

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांच्या आणि छोट्या वेब ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा : ‘एनपीएमची एरर आली की नोड-मॉड्यूल्स फोल्डर आणि पॅकेज-लॉक फाइल दोन्ही उडवा आणि परत एनपीएम इन्स्टॉल मारा. लॉक फाइल आपोआप बनते, ती गिटमध्ये टाकायची गरज नाही. तरी अडलं तर लेगसी-पिअर-डेप्स, नाहीतर फोर्स लावा.’

एनपीएम हे जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टसाठी तयार कोडची पॅकेजेस उतरवणारं साधन. काय हवं ते पॅकेज.जेसन फाइलमध्ये लिहायचं, उतरलेली पॅकेजेस नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये येतात आणि नेमकं काय उतरलं त्याची नोंद पॅकेज-लॉक फाइलमध्ये राहते. गिट म्हणजे टीमच्या कोडचा इतिहास ठेवणारी व्यवस्था. या सल्ल्यातली एक गोष्ट बरोबर आहे आणि तिच्या आधाराने बाकीचं खपून जातं. लॉक फाइल जवळ असेल तर नोड-मॉड्यूल्स खुशाल उडवा. त्यातलं सगळं पुन्हा उतरवता येतं. ‘एनपीएम सीआय’ ही कमांड तर स्वतःच तो फोल्डर आधी साफ करते. लॉक फाइलचं मात्र तसं नाही.

‘लॉक फाइल आपोआप बनते’

बनते, पण ती वेगळी फाइल असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर घेणारं रिअ‍ॅक्टचं अ‍ॅप आहे असं धरा (रिअ‍ॅक्ट ही वेब पानं बनवायची लायब्ररी). पॅकेज.जेसनमध्ये आपण वीस-पंचवीस पॅकेजेस लिहिलेली असतात आणि त्यांच्या पोटातली धरून नोड-मॉड्यूल्समध्ये कित्येक शे येतात. पॅकेज.जेसनमधलं ‘^२.३.०’ ही नुसती मागणी आहे : २.३.० किंवा त्यापुढची, ३.०.० च्या आतली कुठलीही आवृत्ती चालेल. आवृत्ती शून्याने सुरू होत असेल तर कॅरेट, म्हणजे हे ‘^’ चिन्ह, जास्त कडक होतो. ‘^०.२.३’ म्हणजे ०.३.० च्या आतच. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजपुढे नेमकी आवृत्ती, ती कुठून उतरवली तो पत्ता आणि ‘इंटेग्रिटी’ म्हणून त्या फाइलचा एसएचए-५१२ ठसा असतो.

पार्टीने ‘मरून रंगाचे टॉवेल’ सांगितलं, ती झाली पॅकेज.जेसन. शेड नंबर आणि लॉट नंबर, ती लॉक फाइल. नव्या लॉटचा रंगही मरूनच असतो, पण जुन्या मालाशेजारी ठेवला की फरक उठून दिसतो. लॉक उडवून इन्स्टॉल केलं की त्या शेकडो पॅकेजेसचा लॉट एका फटक्यात बदलतो. एक एरर जाते, पण सोबत आणखी काय बदललं हे कोणी पाहत नाही. आठवड्याने तारखेचा रकाना बिघडला तर शोध कुठून सुरू करायचा?

प्रश्न नुसत्या बिघाडाचा नाही. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबग अशा अतिशय वापरातल्या पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या एनपीएमवर चढवल्या गेल्या. देखभाल करणाऱ्याला बनावट ईमेल पाठवून त्याचं खातं बळकावलं होतं. चॉक ५.६.१ आणि डीबग ४.४.२ या त्यातल्या दोन. काही तासांत त्या काढल्या गेल्या. त्या वेळात जुन्या लॉक फाइलवरून ‘एनपीएम सीआय’ चालवणाऱ्यांकडे त्या आल्याच नाहीत. ज्यांनी तेव्हाच लॉक उडवून नव्याने इन्स्टॉल केलं, त्यांना कॅरेटने वाट मोकळी करून दिली. म्हणूनच या सल्ल्याला नुसता आळशी न म्हणता आम्ही धोकादायक म्हणतो.

‘गिटमध्ये टाकायची गरज नाही’

गरज आहे. गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या गोष्टींच्या यादीत, नोड-मॉड्यूल्स असावं, लॉक फाइल नसावी. लायब्ररी बनवून एनपीएमवर टाकणाऱ्यांसाठी एवढंच सांगायचं, की पॅकेज-लॉक फाइल प्रकाशित पॅकेजसोबत जात नाही, त्यामुळे वापरणाऱ्यावर तिचा परिणाम होत नाही. आपल्या टीमसाठी ती तरीही ठेवावी.

गिटमध्ये ठेवली की मर्जच्या, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करायच्या, वेळी भांडणं होतात, ही तक्रार खरी आहे. दोघांनी दोन शाखांवर वेगवेगळी पॅकेजेस घातली की लॉकमध्ये शेकडो ओळींचा कॉन्फ्लिक्ट दिसतो. तो हाताने सोडवायचा नसतो. फक्त पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा, मग ‘एनपीएम इन्स्टॉल --पॅकेज-लॉक-ओन्ली’ चालवा. लॉकमधल्या दोन्ही बाजू एनपीएम स्वतः जुळवतं. मग दोन्ही फाइली गिटमध्ये घाला.

‘इन्स्टॉल लॉकला जुमानतच नाही’

ही पुरवणी त्या मेसेजखाली हटकून येते. लॉक फाइल एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीत, २०१७ मध्ये आली. सुरुवातीला तिच्या वागण्यात घोळ होते आणि हा समज तिथून राहिला असावा. आज लॉक आणि पॅकेज.जेसन जुळत असतील तर ‘एनपीएम इन्स्टॉल’ लॉकमधल्याच आवृत्त्या उतरवतं. ते जुळत नसतील तर इन्स्टॉल गुपचूप लॉक बदलतं, आणि ‘एनपीएम सीआय’ एरर देऊन थांबतं. सर्व्हरवर हे थांबणंच हवं असतं. तिथे कायम ‘सीआय’ वापरा.

मग हा सल्ला आला कुठून?

त्याला एक खरी जागा आहे. काम विंडोजच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हर लिनक्सचा, हे आपल्याकडे नेहमीचं. व्हीट हे बिल्डचं हत्यार निदान सातव्या आवृत्तीपर्यंत ज्यावर उभं होतं त्या रोलअपचे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळे तुकडे असतात आणि ते ‘ऑप्शनल’ म्हणून येतात. नोड-मॉड्यूल्स जागेवर ठेवून फक्त लॉक उडवली, की एनपीएमच्या कित्येक आवृत्त्या डिस्कवर जे आहे त्यावरून नवी लॉक लिहितात. डिस्कवर विंडोजचाच तुकडा असतो, म्हणून लॉकमध्ये लिनक्सचा येत नाही. तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं आणि सर्व्हरवर बिल्ड फुटतो : ‘रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू’ सापडत नाही. एनपीएमचा हा दोष माहीत असल्यामुळे रोलअपचा एरर संदेश स्वतःच सांगतो, की लॉक आणि नोड-मॉड्यूल्स दोन्ही काढून पुन्हा इन्स्टॉल करा.

त्या एका दुखण्यावर हे औषध चालतं. तेव्हाही वेगळी शाखा काढा, दोन्ही उडवा, इन्स्टॉल करा, गिट डिफमध्ये आपल्या थेट पॅकेजेसच्या आवृत्त्या किती सरकल्या ते वाचा, अ‍ॅप चालवून बघा आणि मगच मर्ज करा.

‘लेगसी-पिअर-डेप्स लावा’

एनपीएम ७ पासून, म्हणजे २०२० पासून, पिअर डिपेंडन्सी (एखाद्या पॅकेजला सोबत ठरावीक आवृत्तीत हवी असलेली दुसरी पॅकेजेस) आपोआप उतरतात आणि जुळल्या नाहीत तर ‘ईरिझॉल्व्ह’ ही एरर येते. लाल अक्षरं पाहून लोक घाबरतात, पण हा एनपीएमच्या सगळ्यात बोलक्या संदेशांपैकी एक आहे. ‘फाउंड’पुढे सध्या काय आहे ते असतं, समजा रिअ‍ॅक्ट १९. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह’खाली कोण काय मागतंय ते असतं, समजा एक कॅलेंडर, ज्याला रिअ‍ॅक्ट १६, १७ किंवा १८ हवं आहे.

लेगसी-पिअर-डेप्स हा फ्लॅग, म्हणजे कमांडपुढे लावायचा पर्याय, वाद मिटवत नाही, फक्त एनपीएमला गप्प करतो. रिअ‍ॅक्ट १९ मधून ‘फाइंड-डॉम-नोड’ हे जुनं फंक्शन काढून टाकलं आहे. ते जुनं कॅलेंडर ते वापरत असेल तर इन्स्टॉल होईल, पण तो कोड चालायची वेळ आली की पडदा पांढरा होईल. शिवाय या फ्लॅगने बनवलेल्या लॉकवर सर्व्हरवर साधं ‘एनपीएम सीआय’ अडू शकतं. तिथेही तोच फ्लॅग द्यावा लागतो.

आधी ‘एनपीएम व्ह्यू’पुढे त्या कॅलेंडरचं नाव आणि ‘पिअरडिपेंडन्सीज’ लिहून ताज्या आवृत्तीची मागणी बघा. बहुतेक वेळा नव्या आवृत्तीत १९ ची सोय झालेली असते. नसेल तर रिअ‍ॅक्ट १८ वर थांबा. कॅलेंडर १९ वर चालतं हे स्वतः तपासलं असेल, तर पॅकेज.जेसनमध्ये ‘ओव्हरराइड्स’ (पॅकेजची मागणी डावलून आपण ठरवलेली आवृत्ती) लिहा, म्हणजे निर्णय कागदावर राहतो. फ्लॅगशिवाय गत्यंतरच नसेल तर तो प्रोजेक्टच्या एनपीएमआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून कमिट करा.

‘इनव्हॅलिड हुक कॉल’ ही रिअ‍ॅक्टची एरर आली तर काही उडवण्याआधी ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ चालवा. झाडात रिअ‍ॅक्टच्या दोन वेगळ्या आवृत्त्या दिसल्या तर दुसरी कोणी आणली ते ‘एनपीएम एक्स्प्लेन रिअ‍ॅक्ट’ सांगतं.

‘फोर्स लावा’

‘ऑडिट फिक्स’ ही पॅकेजेसमधल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणारी कमांड. तिच्यापुढे फोर्स लावला की एनपीएम मुख्य आवृत्त्याही बदलतं, कधी मागेसुद्धा नेतं. आधी ‘एनपीएम ऑडिट --ओमिट=डेव्ह’ करा. त्रुटींच्या यादीतलं बरंचसं बिल्डच्या हत्यारांचं असतं, ते यात गळतं.

ज्यांनी लॉक कधीच ठेवली नाही

ज्या मशीनवर अ‍ॅप आज नीट चालतंय तिथला नोड-मॉड्यूल्स फोल्डर अजिबात उडवू नका. जपायच्या आवृत्त्या आता फक्त त्यातच उरल्या आहेत. त्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिथेच ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा. डिस्कवरच्या आवृत्त्यांवरून लॉक लिहिली जाईल. मशीन विंडोजचं असेल तर वर सांगितलेला दोष इथेही आडवा येऊ शकतो. तेव्हा लिनक्सचा रोलअप तुकडा, आपल्या रोलअपच्याच आवृत्तीचा, पॅकेज.जेसनच्या ‘ऑप्शनलडिपेंडन्सीज’मध्ये लिहा, पुन्हा इन्स्टॉल करा, आणि लॉक फाइलमध्ये त्याचं नाव आलं का ते शोधून मगच पुश करा.