घर घेण्याआधी ठराववही मागा

माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात सेवासीच्या बाजूला होत असलेल्या एका स्कीमचे माहितीपत्रक पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, "मावशी, घेऊ का?" सोळा पानांच्या त्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, जिम, ज्येष्ठांसाठी बाकडी आणि कारंज्यापाशी हसत बसलेले एक कुटुंब असे सगळे होते. ही सोसायटी उद्या कोण चालवणार, याबद्दल मात्र त्यात एक शब्दही नव्हता. तिला फोनवर जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या बडोद्यातील मराठी घरांमधून दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा सोडून भायली, कलाली, सेवासीकडे निघालेली माणसे आता कमी नाहीत.

आम्ही स्वतः वाड्यातले. पण वाड्याच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांतली मी नाही. चौदा बिऱ्हाडांत दोन संडास होते, नळाला पाणी पहाटे यायचे आणि त्या तासाभरात झालेली भांडणे पुढच्या पिढीपर्यंत पुरायची. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडे जिथल्या तिथे गोठले, म्हणून मालक डागडुजी करीत नसे. आणि उद्या जागा आपली राहील याची खात्री नाही, म्हणून भाडेकरूही करीत नसत. त्यातून मालकाच्या घरात भावाभावांचे हिस्से पडले की एका तुळईचे चार धनी होत आणि ती बदलायला एकही पुढे येत नसे. तांबेकरवाडा पुरातत्त्व खात्याकडे गेला म्हणून त्यातली भित्तिचित्रे आज पाहायला मिळतात. बाकीच्या वाड्यांच्या नशिबी पार्किंग आले. तरीही वाड्यात एक गोष्ट होती. नळ कोणी किती वेळ अडवायचा, जिना कोणी कधी झाडायचा, याचे नियम सर्वांना तोंडपाठ होते आणि ते मोडले तर कोणत्या आजींपुढे उभे राहावे लागेल हेही ठाऊक होते.

2019 च्या दिवाळीत आम्ही भायलीला आलो तेव्हा ते अजून ग्रामपंचायतीचे गाव होते. पुढच्याच वर्षी बिल, सेवासी, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदल्याबरोबर ते महानगरपालिकेत आले. शहरात आलो म्हणजे पाणी आले, असा आमचा भाबडा समज होता. आमच्या नळाला पालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही बोअर आणि टँकरवर काढलेली वर्षे आठवली की आजही हात आपोआप नळ बंद करायला जातो. हे असे का होते, तेही घर घेणाऱ्याने समजून घ्यावे. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्याखाली टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, पडते तेव्हा शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांच्यासाठी भाग काढून, उरलेली जमीन चौकोनी फायनल प्लॉट म्हणून परत दिली जाते. कल्पना उत्तम आहे आणि गुजरातेत ती पुष्कळ ठिकाणी चांगली राबवलेलीही आहे. पण नकाशा आधी होतो, इमारत त्यामागून उभी राहते, आणि ड्रेनेज व पाण्याच्या लाइनी कित्येकदा माणसे राहायला आल्यानंतर पोचतात. शेतातून वाहणारी कांस, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा ओहोळ, तर त्या चौकोनांत अशी हरवते की जुन्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ती कुठून जात होती हे कळत नाही.

आता दस्तावेजाकडे येते. आपल्याकडे 4.9 टक्के मुद्रांक शुल्क आणि 1 टक्का नोंदणी फी लागते. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर ही नोंदणी फी माफ होते. पन्नास लाखांवर पन्नास हजार वाचतात, त्यामुळे घरोघरी फ्लॅट बायकोच्या, आईच्या नाहीतर सुनेच्या नावावर आहे. आमचाही माझ्या नावावर आहे. आमच्या 112 फ्लॅटांपैकी निम्म्याहून अधिक फ्लॅटांच्या मालकीणी स्त्रिया आहेत, आणि पहिल्या सर्वसाधारण सभेला आम्ही किती जणी होतो? तीन. यजमान मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसली होती आणि हजेरीच्या वहीत बायकोच्या नावापुढे सही करीत होती. मी हरकत घेतली तेव्हा एक सद्गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, "बेन, आपडे तो घरना ज छीए ने." (आपण तर घरचेच आहोत ना.) त्यांच्या घरचे ते असतील, माझ्या दस्तावेजावरचे नव्हेत.

ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण पैशाचा प्रश्न आला तेव्हा तिची किंमत कळली. ताबा देताना बिल्डर मेंटेनन्स डिपॉझिट एकरकमी घेतो आणि त्याच्या व्याजातून सोसायटी चालावी अशी अपेक्षा असते. आमच्या बिल्डरने, त्याचे नाव लिहीत नाही, दोन वर्षे हिशेब दिला नाही आणि विचारणाऱ्याला "सोसायटी रजिस्टर झाली की देतो" असे उत्तर देत राहिला. सोसायटी रजिस्टर का होत नव्हती? तिचे कागद करण्याचे त्यानेच अंगावर घेतले होते आणि आम्ही खुशाल त्याच्यावर सोपवून बसलो होतो. रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, 2016 चा कायदा सांगतो की बहुसंख्य फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था व्हायला हवी, आणि पुढे सामायिक जागाही तिच्या नावे करून द्यायला हव्यात. पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही बिल्डरवरच आहे. कायदा आमच्या बाजूने होता, मागणी करणारे मात्र कोणी नव्हते. शेवटी सर्व्हिस सोसायटी, म्हणजे देखभाल पाहणारी रहिवाशांची संस्था, आम्हीच रजिस्टर केली आणि डिपॉझिट परत आले, पण गच्चीच्या गळतीचे पत्र पाच वर्षे उलटल्यावर गेले आणि तो खर्च आमच्याच माथी बसला.

मग ऑगस्ट 2024 आला. विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांचीही मर्यादा सोडली, मगरी रस्त्यावर आल्या, हे सगळे तुम्ही पाहिलेच आहे. आमच्यापर्यंत नदी आली नाही. आले ते बुजलेल्या कांशीचे पाणी, आणि ते थेट बेसमेंटमध्ये उतरले. पंप आणि मीटर दोन्ही तिथेच होते. वीज गेली, लिफ्ट गेली, पाणी गेले. त्या तीन दिवसांत सातव्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईंनी औषधे लागणाऱ्यांची यादी केली, चौथ्या मजल्यावरच्या एका इन्व्हर्टरवाल्या फ्रिजमध्ये सगळ्यांचे इन्सुलिन गेले, आणि पायऱ्यांवरून घागरी चढवायला मुलांची साखळी लागली. संकटात माणसे एक होतात याचे कौतुक मला फारसे नाही, कारण गणपती उठेपर्यंत पार्किंगवरून भांडणे पुन्हा सुरू झाली होती. टिकले ते ऑक्टोबरच्या सभेत लिहिलेले दोन ठराव. पंप आणि मीटर पहिल्या मजल्याच्या उंचीवर न्यायचे, हा पहिला. आणि सभेत मत दस्तावेजावर नाव असलेल्यानेच द्यायचे, हा दुसरा. पहिल्याचे काम निम्मेच झाले आहे. दुसरा मात्र चालू आहे, आणि गेल्या सभेला आम्ही एकेचाळीस जणी होतो.

शेजाराबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. घर शोधत असताना एका साइट ऑफिसात आम्हाला बजेटच्या आधी "नॉन-व्हेज खाता का?" असे विचारले गेले होते. बडोद्यात सात पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये इतका तो सरावाचा झाला आहे, आणि आपल्यातलेही कित्येक लोक "आम्ही ब्राह्मण" असे सांगून सुटका करून घेतात. मी तिथून उठले. पण याच न्यायाने, आमच्या अकरा मराठी घरांनी वेगळा गणपती बसवायचा प्रस्ताव आणला तेव्हाही मी नाही म्हणाले. आता गणपतीचा आणि नवरात्राचा फाळा एकाच पावतीवर घेतला जातो. आरतीला सिंधी काका झांजा वाजवतात आणि ताल मात्र गरब्याचा धरतात.

म्हणून भाचीला म्हटले, कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मोजून घे, रेराचा नंबर तपास, बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरण्याचा परवाना, मिळाली आहे का ते बघ (मिळाली असेल तर जीएसटीही वाचेल); हे सगळे करच. पण तयार सोसायटीत घर घेणार असशील तर तिची ठराववही माग. सभेला किती जण येतात, मागच्या ठरावाचे पुढे काय झाले हे पुढच्या सभेत लिहिले आहे का, भाडेकरूंबद्दल कोणत्या भाषेत लिहिले आहे, आणि डिपॉझिट कोणाच्या खात्यात आहे, एवढे अर्ध्या तासात कळते. वही नाही असे सांगितले तर तेही उत्तरच आहे. तिची स्कीम अजून बांधली जात असल्यामुळे तिथे वही असण्याचा प्रश्न नाही. त्याच बिल्डरने सात वर्षांपूर्वी कलालीजवळ बांधलेली सोसायटी आहे, तिच्या सेक्रेटरीबेनना मी फोन केला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की रविवारी अकराला या, पण दोन तास काढून या.