गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे

गेल्या महिन्यात एका मावशींनी माझ्यासमोर मोबाइल धरला. खानावळीत पोळ्या लाटतात, रोजचे पाच तास उभ्या. "मॅडम, हे वाचा, आणि मग सांगा मी इथे कशाला येते ते."

मेसेज ओळखीचाच होता. आत्याकडून आणि सोसायटीच्या ग्रुपवरून मला आधीच येऊन गेलेला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: गुडघ्यातलं वंगण संपलं की तो दुखतो, इंजेक्शन घेतलं की वंगण भरतं, झीज थांबते, ऑपरेशन टळतं, झिजलेला गुडघा व्यायामाने आणखी झिजतो, तेव्हा फिजिओथेरपीवर पैसे घालवू नका. शेवटी जोडलेले हात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझं पोट व्यायामावर चालतं. म्हणून नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका, आकडेही बघा.

आधी वंगण. 'वंगण संपलंय' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचा गुडघा पाण्याने टम्म फुगलेला असतो. द्रव आटलेला नसतो, उलट वाढलेला आणि पातळ झालेला असतो. वंगण म्हणून टोचतात त्या जेल इंजेक्शनात हायल्युरॉनिक अॅसिड असतं. तो निरोगी सांध्यातलाच पदार्थ, त्यामुळे कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. पण बाहेरून घातलेलं हे जेल गाडीच्या आसाला फासलेल्या वंगणासारखं तिथे बसून राहत नाही, शरीर ते शोषून घेतं. 2022 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 169 चाचण्यांचा, 21 हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्र आढावा छापला. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनाच्या तुलनेत दुखणं थोडं कमी झालं होतं, पण रुग्णाला जाणवावं इतकं नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने गुडघ्याच्या झिजेसाठी हे जेल देऊच नका असं डॉक्टरांना सांगितलं. (जाता जाता: यातली काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात. मेसेज पुढे ढकलणाऱ्या माझ्या शुद्ध शाकाहारी आत्याला हे अजून सांगायचंय.)

झीज थांबते म्हणे. कुठल्या इंजेक्शनाने? मेसेजमध्ये ते नाहीच, आणि पेशंटलाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. "कुठलं घेतलंत?" विचारलं की उत्तर येतं, "महागातलं." जेल, स्टेरॉइड आणि स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेरॉइड सूज उतरवतं, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, भरून आणत नाही. बोस्टनमध्ये 140 जणांना दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी स्टेरॉइड किंवा नुसतं सलाइन टोचलं. 2017 मध्ये निकाल आला: दुखण्यात फरक नाही, आणि कूर्चा स्टेरॉइडवाल्यांची जास्त पातळ झालेली, 0.21 मिलिमीटर; सलाइनवाल्यांची 0.10. पीआरपीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर ते सलाइनशी ताडून बघितलं. वर्षानंतर दुखण्यात फरक नाही, कूर्चेतही नाही.

व्यायामाने गुडघा झिजतो, हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबून सोडला की पाणी ओढतो, तसं वजन पडून सुटतं तेव्हा तिला सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं. गुडघा जपायचा म्हणून माणूस बसून राहतो, मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, आणि जो धक्का त्याने झेलायचा तो थेट सांध्यावर येतो. या मावशी पहिल्या दिवशी खुर्चीतून उठल्या त्या दोन्ही हातांनी गुडघ्यांवर रेटा देत. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजलं. चार. वर मला ऐकवलं, "दिवसभर राबते मी, अजून कसला व्यायाम?" उभं राहून राबण्यात मांडीला ताकद लावावी लागत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

फिजिओथेरपीत पैसे वाया? अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत गुडघ्याची झीज असलेल्या 156 जणांचे दोन गट केले, एकाला स्टेरॉइड, दुसऱ्याला फिजिओथेरपी. त्रासाला 240 पैकी गुण दिले. जितके जास्त तितका त्रास जास्त. दोन्ही गट सुरुवातीला 108च्या आसपास होते. वर्षाने इंजेक्शनवाले 56वर आले, व्यायामवाले 37वर. हे 2020 सालचं. इंजेक्शनवाल्यांनाही बरं वाटलं, ते लपवत नाही.

आता माझ्याच वर्मावर बोट ठेवते. इंजेक्शनने दुखणं दबतं, तेवढ्या आठवड्यांत व्यायाम जोमाने करून घ्यावा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ऐकायला पटतं. पण डेन्मार्कमध्ये 100 जणांना 12 आठवड्यांच्या व्यायामाआधी स्टेरॉइड किंवा खोटं इंजेक्शन दिलं, तर दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणून हल्ली सरसकट कुणाला 'आधी सुई, मग व्यायाम' सांगत नाही. दुखण्याने रात्रीची झोपच उडालेली, पाय टेकवत नाही, अशांसाठी मात्र सुईला जागा आहे. 'नाइस'सुद्धा व्यायामाला आधार म्हणून स्टेरॉइड चालेल म्हणते, आराम 2 ते 10 आठवड्यांचा हे रुग्णाला समजावून.

शिवाय सगळे सांधे सारखे नसतात. आखडलेल्या खांद्याला सुई आणि फिजिओथेरपी ही जोडी चांगली चालते; ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर ती भूल देऊन खांदा मोकळा करण्याशी आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी ताडली, तेव्हा वर्षाने तिघांपैकी कुणीच ठळकपणे सरस ठरलं नाही. टेनिस एल्बोत, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, उलटं. तिथे स्टेरॉइड घेतलेल्यांचं कोपर वर्षभरात पुन्हा दुखू लागण्याचं प्रमाण 54 टक्के, खोटं इंजेक्शन घेतलेल्यांचं 12.

मेसेजमधला राग मात्र अगदीच अनाठायी नाही. वीस मिनिटं शेक, वीस मिनिटं मशीन, बिल, उद्या या, हे फिजिओथेरपी म्हणून खपवलं जातं. त्यात पैसे जातातच.

राहिलं ऑपरेशन टळण्याचं. वर दिलेल्या आकड्यांत त्याला आधार नाही. उलट सांधा बदलायचाच असेल तर स्टेरॉइडनंतर साधारण तीन महिने थांबायला सांगतात, कारण जंतुसंसर्गाची भीती वाढते.

मावशींनी अखेर स्टेरॉइड घेतलं. दुसरा गुडघा सुजून पाय टेकवेना, त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांनी सुचवलं, मीही हो म्हटलं. त्यांना मधुमेह आहे आणि स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते, म्हणून घरी रोज मोजायला लावली. चढली, पाचव्या दिवशी खाली आली. परवा अर्ध्या मिनिटात नऊ वेळा उठल्या. तवा तापेपर्यंत ओट्याला धरून दहा अर्ध्या बैठका काढतात, आणि मुकादम बघतो म्हणून लाजतात.