रिसीव्हरला मोकळी हवा हवी

होम थिएटरचं सगळं सामान टीव्हीखालच्या बंद दारांच्या कपाटात ठेवा, म्हणजे हॉल नीटनेटका दिसतो, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. सेट-टॉप बॉक्स एक वेळ चालेल, पण एव्ही रिसीव्हर, म्हणजे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारं मुख्य यंत्र, तिथे नको. त्याच्या वरच्या पत्र्याला जाळी असते, आतली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. आमच्या ठाण्याच्या घरी सुताराने छान सनमायका लावून बंद कप्पा करून दिला होता. मे महिन्यात सिनेमा ऐन रंगात आला की रिसीव्हर बंद पडायचा! मागची प्लायवूडची फळी काढली, वर वीतभर जागा सोडली, तेव्हा कुठे थांबलं. आणि कृपा करून रिसीव्हरच्या डोक्यावर दुसरं काही ठेवू नका.

कप्पा किती खोल आहे तेही बघा. रिसीव्हरच 15 इंचांच्या आसपास खोल, शिवाय मागे एचडीएमआय आणि स्पीकरच्या वायरी वळायला 3-4 इंच लागतात. आतून 20 इंच धरलेले बरे.

19 इंची रॅक, म्हणजे उपकरणं एकावर एक बसवायची उभी चौकट, घेणाऱ्यांसाठी: त्याची उंची 'यू'मध्ये मोजतात, 1 यू म्हणजे 1.75 इंच. घरगुती रिसीव्हर साधारण 17 इंच रुंद, त्यामुळे तो थेट स्क्रूने बसत नाही, खाली ट्रे लागतो. वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर (स्पीकरसाठी आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) असेल तर तो जड, त्याला सगळ्यात खाली जागा द्या. रॅकला चाकं मात्र हवीतच. एक वायर बदलायला भिंतीला गाल लावून टॉर्च धरायची वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.